लिनक्सवर गूगल-यूट्यूब चालतं, पण अर्जाच्या साइट उघडत नाहीत (अभ्यासिकेचा संगणक, आर्वी तालुका)

वावरकर

राम राम मंडळी.

आमच्या गावात (जि. वर्धा) ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. तिथे दान मिळालेले दोन जुने डेस्कटॉप आहेत, दोन्हींवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१.३ (फुकट मिळणारी सिस्टम), एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. रॅम ४ जीबी. नेट गावातल्या केबलवाल्याकडून, फायबर खोलीपर्यंत येते. पोलिस भरती, शिष्यवृत्ती, शेतकरी योजना, सगळे अर्ज पोरं-पोरी इथूनच भरतात. नाहीतर तालुक्याला जा, बसचं भाडं द्या, सेंटरवर रांगेत उभे राहा, आणि सोबत बाप आला तर त्याचीही दिवसाची मजुरी बुडते.

आता अडचण. गूगल उघडतं, यूट्यूब तर मस्त चालतं. पण शिष्यवृत्तीची साइट, एका बँकेची साइट, अजून दोन-तीन सरकारी पोर्टल उघडतच नाहीत. चकरी फिरत राहते आणि शेवटी 'कनेक्शन टाइम आउट' येतं. एक साइट मात्र वेगळंच म्हणते, तिच्या प्रमाणपत्राच्या तारखेत काहीतरी चूक आहे म्हणे. मोबाईलवर ह्या सगळ्या साइट उघडतात. म्हणून गावात सगळे म्हणतात की लिनक्सच बेकार आहे, विंडोज टाका. एकजण पेन ड्राइव्हवर चोरीची विंडोज घेऊन तयारच बसला आहे.

मला लिनक्स काढायचं नाही. ह्या मशिनवर तेच नीट चालतं, परवान्याचा खर्च नाही, आणि पोरं कुठकुठले पेन ड्राइव्ह आणून लावतात तरी आजवर व्हायरसचा त्रास झालेला नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली आहे. कुठून पाहायला सुरुवात करू?

मूर्तिजापूरकर

भाऊ, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगनारी सेवा) बदलून पाय. राउटरमंदी गूगलचा ८.८.८.८ टाक. आमच्याकडे तेच केलं अन् धडाधड सुरू झालं. लिनक्स काढू नको, मी पाच-सात गावात बसवून देलं हाये.

जुना लिनक्सवाला

डीएनएस बदलायला हरकत नाही, पण तो बिघडला आहे का हे आधी पाहू. एकदम चार गोष्टी बदलल्या की कशाने सुरू झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडा. कमांड इथे देवनागरीत लिहितो, टाइप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरांत करा.

पिंग -सी ४ १.१.१.१
हा नुसता आकड्यांचा पत्ता आहे. उत्तर आलं तर लाईन जिवंत आहे, एवढं कळेल.

डिग, आणि पुढे शिष्यवृत्तीच्या साइटचं नाव
नावाचा पत्ता मिळतो का, ते इथे दिसेल. 'नोएरर' आणि खाली आयपी पत्ता आला तर डीएनएसचं काम झालं, मग ८.८.८.८ टाकून काही फरक पडणार नाही. उत्तर देणारा सर्व्हर १२७.०.०.५३ दिसला तर घाबरू नका. तो तुमच्याच मशिनमधला सिस्टमडी-रिझॉल्व्हड आहे. तो पुढे कुणाला विचारतो ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' सांगतं.

टाइमडेटसीटीएल
ही मशिनची तारीख-वेळ दाखवते, विसरू नका. प्रमाणपत्राची तक्रार करणारी जी एक साइट आहे, तिचं उत्तर बहुतेक इथेच सापडेल.

शिवाय फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी (मधला मध्यस्थ सर्व्हर) 'नो प्रॉक्सी'वर आहे ना, आणि कुणी व्हीपीएनचं (नेट दुसऱ्याच ठिकाणावरून फिरवून नेणारं) एक्स्टेंशन टाकलेलं नाही ना, हेही बघा. काही सरकारी साइट भारताबाहेरच्या आयपी पत्त्यांना आत घेतच नाहीत. व्हीपीएन बाहेरदेशातून नेत असेल तर साइट बंद असल्यासारखीच दिसते.

वावरकर

काका, सगळं करून पाहिलं. पिंग चालतो. डिगला 'नोएरर', पत्ताही आला. प्रॉक्सी नाही, व्हीपीएन नाही.

पण टाइमडेटसीटीएलमध्ये तारीख दोन महिने मागची आहे! आणि 'एनटीपी सर्व्हिस: इनअ‍ॅक्टिव्ह'. उन्हाळ्यात अभ्यासिका बंद होती, मशिनची वायर काढून ठेवली होती. हे त्यामुळे झालं का?

जुना लिनक्सवाला

हो. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मशिन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की वायर काढताच घड्याळ विसरतं. मिंटसारखी सिस्टम शेवटची ठाऊक असलेली वेळ लिहून ठेवते आणि सुरू होताना तिथून पुढे निघते. म्हणून तुमची तारीख वीस वर्षं मागे गेली नाही, दोनच महिने गेली.

म्हणूनच तारखेची तक्रार एकाच साइटवर दिसली. प्रत्येक प्रमाणपत्रावर 'ह्या दिवसापासून, ह्या दिवसापर्यंत' असं लिहिलेलं असतं. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं जेमतेम ९० दिवसांची, सारखी नवी होत राहतात. ज्या साइटने गेल्या महिन्यात नवं घेतलं, तिचं प्रमाणपत्र तुमच्या मशिनच्या हिशोबाने अजून सुरूच झालेलं नाही. ज्यांचं जुनं चालू आहे त्यांना काही अडचण नाही.

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू

एवढं करा. एनटीपी म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा, ती सुरू झाली आणि नेट असेल तर थोड्या वेळात तारीख जागेवर येईल. आणि सेल बदला. घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. मशिनची वायर काढा, जुना सेल कोणत्या बाजूने वर होता ते बघून नवा तसाच बसवा. नंतर बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) एकदा तारीख-वेळ भरावी लागेल.

वावरकर

तारीखवाली साइट उघडली! सेल आर्वीहून आणून बसवला.

पण शिष्यवृत्ती, बँक, आणि बाकीची पोर्टलं तशीच. चकरी फिरते, फायरफॉक्सच्या खाली डाव्या कोपऱ्यात टीएलएस हँडशेक करतोय असं दिसतं आणि तिथेच अडकतं. दुसऱ्या डेस्कटॉपवरही तेच.

मूर्तिजापूरकर

मी म्हनतो अजूनही एकदा डीएनएस बदलून पायजा. काय बिघडते?

नेटवर्कताई

बिघडत काही नाही, पण हँडशेकपर्यंत, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीपर्यंत, गाडी गेली म्हणजे नाव सापडलं, पत्ता सापडला, सर्व्हरने दारही उघडलं. अडचण त्याच्या पुढे आहे. मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, आता नेटवर्कच्याच कामात आहे. वावरकर, दोन गोष्टी सांगा.

पहिली, मोबाईलवर साइट उघडते म्हणता, ती वायफायवर की सिमच्या डेटावर? डेटा बंद करून, फक्त अभ्यासिकेच्या वायफायवर उघडून बघा. दुसरी, टर्मिनलमध्ये 'कर्ल -व्ही' (ब्राउझरशिवाय साइट मागवणारी कमांड) लिहून पुढे एचटीटीपीएससकट साइटचा पूर्ण पत्ता द्या आणि शेवटची ओळ कोणती येते ते इथे टाका.

वावरकर

ताई, डेटा बंद केला तर मोबाईलवरही उघडत नाही!! तीच चकरी. आजवर हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये डेटा चालूच असतो आणि बरेचजण वायफायला जोडतही नाहीत.

कर्लमध्ये आधी 'ट्राइंग', मग 'कनेक्टेड', पोर्ट ४४३. मग 'टीएलएस हँडशेक, क्लायंट हॅलो'. त्यानंतर काहीच नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहतो.

मूर्तिजापूरकर

मंग हे लिनक्सचं दुखनंच नाही. लाईनीचं हाये.

नेटवर्कताई

बरोबर. पेन ड्राइव्ह घेऊन बसलेल्या भावाला सांगा की विंडोज टाकली असती तरी शिष्यवृत्तीची साइट अशीच अडकली असती. जो मोबाईल वायफायवर अडकला त्यावर मिंट नाही, अँड्रॉइड आहे.

आता कारण. नेटवर माहिती पाकिटांत जाते. इथरनेटवर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट, तिला एमटीयू म्हणतात. केबलवाले बहुतेक वेळा पीपीपीओई लॉगिन (नाव-पासवर्डने लाईन जोडायची पद्धत) देतात. त्याचं स्वतःचं वेष्टन ८ बाइट खातं, म्हणून १४९२ उरतात. मध्ये अजून एखादा टनेल (एका पाकिटात दुसरं पाकीट घालून न्यायची वाट) असेल तर आणखी कमी. ह्यात चूक काही नाही, सगळ्या जगात असं चालतं. एवढं मोठं पाकीट ह्या रस्त्याने जात नाही, हे पाठवणाऱ्याला कळलं की झालं.

ते कळवायची सोयही आहे. मधला राउटर मोठं पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा निरोप धाडतो, 'लहान करून पाठव'. पण कित्येक ठिकाणी फायरवॉलवर सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद करतात. मग निरोप पोहोचत नाही. जिनिंगच्या कमानीखालून उंच भरलेली कापसाची गाडी जात नाही आणि मालकाला ते सांगायला कुणी जात नाही, म्हणून मालक तेवढ्याच उंचीच्या गाड्या पाठवत राहतो. सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हापुन्हा पाठवतो, ते दर वेळी वाटेत पडतं, आणि तुमच्याकडे चकरी.

तुमच्या कर्लमध्ये हेच दिसतंय. कनेक्शन जोडायची पाकिटं अगदी लहान असतात, ती गेली. क्लायंट हॅलो गेला. त्याला उत्तर म्हणून सर्व्हर आपली प्रमाणपत्रं पाठवतो, ती काही हजार बाइटची, म्हणजे पाकिटं काठोकाठ भरलेली. तीच अडकली.

मोजून बघू. ह्या कमांडमध्ये 'एम' कॅपिटल आहे, बाकी सगळं स्मॉल:

पिंग -एम डू -सी ३ -एस १४७२ १.१.१.१

१४७२ मध्ये आयपी आणि आयसीएमपीच्या शीर्षकांचे २८ मिळवले की १५०० होतात. 'एम डू' म्हणजे वाटेत तुकडे करायचे नाहीत. उत्तर नाही आलं तर १४६४ टाका (ते पीपीपीओईचं माप), मग १४५०, १४४०, असं उतरत जा. उत्तर आलं की एकेकाने चढवा. जो सर्वात मोठा आकडा जातो, तो सांगा.

कोरडवाहू

ताई, एक शंका. असं असेल तर यूट्यूब कसं चालतं? त्याची पाकिटं तर सगळ्यात जास्त असणार.

नेटवर्कताई

चांगला प्रश्न. गूगल आणि यूट्यूब टीसीपीऐवजी (पाकिटं नेण्याची जुनी, नेहमीची पद्धत) बहुतेक वेळा क्विक ही नवी पद्धत वापरतात. ते यूडीपीवर चालतं, २०२१ मध्ये त्याचं अधिकृत मानक आलं. त्यात सुरुवातीची पाकिटं १२०० बाइटच्या आसपास ठेवतात आणि रस्ता केवढा आहे ते स्वतः चाचपून मगच मोठी करतात, आयसीएमपीच्या निरोपावर विसंबत नाहीत. म्हणून ते अरुंद लाईनीतूनही निघून जातं. बँकांच्या आणि सरकारी बऱ्याच साइट अजून टीसीपीवर आहेत आणि त्यांच्या फायरवॉलही कडक. 'गूगल चालतं, बाकी नाही' हे लक्षण ऐकलं की मी सगळ्यात आधी एमटीयू मोजते.

जुना लिनक्सवाला

लिनक्सच्या कर्नलमध्ये टीसीपी एमटीयू प्रोबिंगची (पाकिटाचं माप मशिनने स्वतः चाचपायची) सेटिंग आहे, सिस्कटीएलने १ केली तर निभेल का? मी एका सर्व्हरवर वापरली होती.

नेटवर्कताई

सर्व्हरवर ती उपयोगी आहे, कारण ती पाठवणाऱ्याच्या बाजूने काम करते. इथे मोठी पाकिटं समोरून येताहेत. आपण आपल्या बाजूने फक्त जोडणीच्या वेळी सांगू शकतो की 'माझ्याकडे एवढ्याच मापाची पाठव'. तो आकडा म्हणजे एमएसएस, आणि तो आपल्या एमटीयूमधून ४० वजा करून निघतो. म्हणून आपला एमटीयू कमी केला की सर्व्हरही लहान पाठवायला लागतो.

वावरकर

१४७२ नाही. १४६४ नाही. १४५० नाही, १४२० पण नाही. १४०० गेलं! मग चढवत गेलो. १४१२ जातं, १४१३ जात नाही. दोन्ही मशिनवर सारखंच.

नेटवर्कताई

१४१२ अधिक २८, म्हणजे १४४०. नुसत्या पीपीपीओईपेक्षा खूपच कमी आहे. वर कुठेतरी टनेल आहे. खालच्या पट्टीवरच्या नेटवर्कच्या चिन्हावर राइट क्लिक, 'एडिट कनेक्शन्स', तुमचं वायर्ड कनेक्शन निवडा, खालचं गिअर दाबा. 'इथरनेट' टॅबमध्ये एमटीयूच्या जागी 'ऑटोमॅटिक' असेल, तिथे १४४० लिहा. सेव्ह करा आणि कनेक्शन एकदा तोडून जोडा. 'आयपी लिंक' ही कमांड दिली की त्या ओळीत 'एमटीयू १४४०' दिसायला हवं.

वावरकर

उघडली!!! शिष्यवृत्तीची साइट लगेच उघडली. बँकेचीही. आत्ता खोलीत चारजण बसले आहेत, एका मुलीचा अर्ज सुरू पण झाला, कागदपत्रं अपलोड होताहेत. ताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. बाकी नंतर लिहितो, लाईन जायच्या आत हे अर्ज होऊ द्या.

मूर्तिजापूरकर

वा! हे १४१२ वालं मले नवीन कळलं. आमच्या गावच्या लाईनीवर आजच मोजतो. इकडे एका शाळेत असंच होते, अन् मास्तर म्हनते कॉम्प्युटर जुना झाला.

नेटवर्कताई

छान झालं. पण ही मलमपट्टी आहे. तुमची दोन मशिन चालतील, वायफायवरचे मोबाईल अजून अडकतील. खरा इलाज राउटरवर. केबलवाल्याला 'नेट स्लो आहे' म्हणू नका, तो स्पीड टेस्ट दाखवून परत जाईल. त्याला हे म्हणा: 'लाईनीचा एमटीयू १४४० भरतोय, एमएसएस क्लॅम्प चालू करून द्या.' त्याच्याकडे मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर पीपीपी प्रोफाइलमध्ये 'चेंज टीसीपी एमएसएस' असा पर्याय असतो. तो 'येस' केला की घरोघरचं काही बदलावं लागत नाही.

आणि चिडून बोलू नका. खेड्यात लाईन टिकवणं सोपं नाही. एका पावसात किती पोर्ट जळतात ते त्यालाच माहीत.

सेतूवाला

धागा वाचून माझी अडचण मांडतो. दारव्ह्याला सेवा केंद्र आहे, उबंटू वापरतो. एक पोर्टल क्रोममध्ये उघडतं, फायरफॉक्समध्ये 'अननोन इश्युअर' म्हणतं. तारीख बरोबर आहे. शेजारच्या विंडोजवर काही तक्रार नाही. हाही एमटीयू का?

जुना लिनक्सवाला

नाही, हे वेगळं. साइटचं प्रमाणपत्र थेट मूळ संस्थेने दिलेलं नसतं, मध्ये एक मधलं प्रमाणपत्र असतं. सर्व्हरने दोन्ही पाठवायला हवीत. काही ठिकाणी सर्व्हर बसवणारा मधलं टाकायचं विसरतो. क्रोम आणि विंडोज ते मधलं स्वतः जाऊन आणतात, फायरफॉक्स असं शोधायला जात नाही, त्याच्याकडे आधीच साठवलेलं असेल तरच चालवून घेतो. कर्लही अडतो.

तपासायला: ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट, पुढे साइटचं नाव आणि :४४३, मग -शोसर्ट्स. प्रमाणपत्र एकच दिसलं तर दोष साइटचा. त्यांच्या मदत कक्षाला 'इंटरमीडिएट सर्टिफिकेट मिसिंग' एवढेच शब्द आणि हा निकाल पाठवा. तोवर क्रोम वापरा. एक मात्र कळकळीची विनंती: फायरफॉक्समध्ये 'धोका पत्करून पुढे जा' दाबून लोकांचे आधार, बँकेचे नंबर भरू नका. लोक तुमच्या भरवशावर अंगठा देतात.

कोरडवाहू

अजून एक, ज्यांचं नेट सिमवरून येतं त्यांच्यासाठी. यूएसबी टेदरिंग (वायरने मोबाईलचं नेट मशिनला देणं) केलं की बऱ्याचदा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता मिळतो. काही साइटचा व्ही६ पत्ता नोंदलेला असतो पण त्यावर कुणी उत्तर देत नाही. ब्राउझर क्षणभर थांबून जुन्या व्ही४ वर जातो, बाकीचे काही प्रोग्राम ताटकळतात. 'कर्ल -४' आणि 'कर्ल -६' दोन्ही देऊन बघा, एक चालून दुसरं अडलं तर कारण तेच.

वावरकर

केबलवाले दादा येऊन गेले. ताईंनी दिलेलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, ते लगेच समजले. पावसाच्या सुरुवातीला वीज पडून त्यांचा वरचा राउटर जळला होता. नवा बसवला त्यात ती सेटिंग राहून गेली होती. त्यांनी तिथूनच चालू केली. आता मिंटमध्ये एमटीयू परत 'ऑटोमॅटिक' केला तरी सगळं उघडतं, वायफायवर मोबाईलही चालतात. पिंग मात्र अजून १४१२ लाच थांबतो, ते ठीक आहे ना? शेजारच्या दोन गावांना त्यांचीच लाईन आहे, तिथल्या शाळेतही आता साइट उघडायला लागल्या म्हणे.

शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत गेले.

नेटवर्कताई

ठीक आहे. लाईनीचं माप तेवढंच राहणार, क्लॅम्प फक्त दोन्ही टोकांना त्या मापात बोलायला लावतो. १४१२ हा आकडा राउटरच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवा. राउटर बदलला आणि पुन्हा चकरी फिरली तर आधी तेवढं मोजा.

मूर्तिजापूरकर

आमच्याकडे १४६४ जाते, १४६५ जात नाही. शाळेत मात्र साइट अडकतेच. मोबाईलचा डेटा बंद करून पाह्यलं, वायफायवर उघडते. फक्त कॉम्प्युटरवर नाही.

नेटवर्कताई

१४६४ म्हणजे साधं पीपीपीओई, लाईन बरोबर आहे. मोबाईल वायफायवर चालतो म्हणजे ह्या वेळी मशिनमध्येच बघा. टाइमडेटसीटीएल आणि कर्ल -व्ही, दोन्हींचा निकाल टाका. आणि फायरफॉक्सची आवृत्ती कितवी ते सांगा. फार जुनी असेल तर तिला टीएलएस १.२ धड येत नसेल.